टीव्हीतली शेवंतीकाकी

जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या त्या चाळीत लोणचं घालायचं म्हणजे आधी शेवंतीकाकीच्या दारात जायचं, हा रिवाज वीस वर्षं चालत आला होता. फोडी परातीत घेऊन बाई यायची, काकी एक फोड उचलून दाताखाली धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आंबट आहे गं. मीठ जरा सढळ घाल." मग स्वतःच्या हाताने मुठी मोजून द्यायची. तिच्या मुठीने घातलेल्या लोणच्याला बुरशी आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काकी देवगडकडची. नवरा जयवंत गिरणीत होता, संपानंतर अंधेरीच्या एका कारखान्यात गेटवर बसायला लागला. घरात फार काही नव्हतं. पण बाळंतिणीला काय द्यावं, फणसाची साटं उन्हातून कधी काढावीत, कुळथाचं पीठ कसं टिकवावं, हे विचारायला बायका तिच्या उंबऱ्यावर येत, आणि त्या उंबऱ्यावर काकी एखाद्या मामलेदारासारखी बसे.

चौऱ्यांशी सालच्या दिवाळीत समोरच्या नलिनीकडे टीव्ही आला. नलिनीचा नवरा राजाराम पोस्टात होता. त्याने कौलांवर चढून अँटेना बसवली आणि तासभर "आता दिसतंय का? आता?" असं ओरडत राहिला. त्या दिवसापासून संध्याकाळी काकीचा उंबरा रिकामा पडू लागला.

पहिले काही महिने काकी समोर गेलीच नाही. दारात तांदूळ निवडत बसायची, पण कान तिकडे. काय नव्हती बघत ती माणसं! शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात द्राक्षांवरच्या रोगाची माहिती सुरू झाली की सगळी चाळ श्वास रोखून ऐके. आमच्याकडे तुळशीपलीकडे झाड नव्हतं, पण कुठलं औषध किती पाण्यात मिसळून फवारायचं हे द्रौपदी पापडवालीला तोंडपाठ झालं होतं. मध्येच चित्र जाऊन व्यत्ययाची पाटी लागे. ती पाटीही सगळे बघत बसत. "काय चाललंय गं?" काकीने एकदा विचारलं. द्रौपदी मान न वळवता म्हणाली, "काही नाही, पाटी आहे."

हे सगळं काकीने सोसलं असतं. पण टीव्हीवर एक बाई येऊ लागल्या. रेशमी साडी, कोपरापर्यंत ब्लाउज, हातात चमचा, आवाज असा की साय. बायकांच्या कार्यक्रमात त्या पदार्थ शिकवत. एके दिवशी काकीने समोर डोकावून पाहिलं, तर बारा वर्षं रोज भात रांधणारी नलिनी मांडीवर वही घेऊन लिहीत होती, 'तांदूळ दोन पाण्याने स्वच्छ धुवावेत.'

काकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगो, भात लिहून घेतेस? लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या चुलीवर शिकलीस ना तू?"

"शिकले हो काकी," नलिनी म्हणाली, "पण या शास्त्रशुद्ध सांगतात."

शास्त्रशुद्ध! तो शब्द काकीच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. त्या बाईंचं नाव निघालं की तिचं तोंड कडू होई. "हात बघा तिचे," ती जयवंताला सांगे, "एकदा तरी विळीने बोट कापलंय का त्या हातांचं?" आणि तरीही बायकांचा कार्यक्रम लागला की निवडायला तांदूळ नसले तरी सूप घेऊन ती दारात यायची. एकदा तर त्या बाईंसारखं हळू आवाजात "आता आपण फोडणी करू या" असं तिने रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणून बघितलं, आणि स्वतःचीच लाज वाटून कढईत जोरात उलथनं आपटलं.

पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये महिला मंडळाच्या अनुपमाताई चाळीत आल्या. टीव्हीवाल्यांना साठवणीच्या पदार्थांवर बोलायला उपनगरातल्या साध्या बायका हव्या होत्या. अनुपमाताईंनी काकीचं नाव दिलं होतं. काकी आधी "मला नाही बाई जमायचं" म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून तिने ती उशीखाली दाबून ठेवली, इस्त्री व्हावी म्हणून. मनात एकच, आता बघा म्हणावं.

स्टुडिओत तिच्या तोंडाला पावडर फासली. दिवे असे तापलेले की समोरचं काही दिसेना. एक माणूस म्हणाला, "आजी, मूठ-बीठ नको. ग्रॅममध्ये सांगा." काकीने जन्मात ग्रॅम मोजला नव्हता. सोबत आलेल्या अनुपमाताईंनी तिच्याकडून पाठ करून घेतलं, किलोभर फोडींना दोनशे पन्नास ग्रॅम मीठ. तिने ते मनात घोकलं. चार मिनिटांत सगळं आटोपलं. "झकास!" तो माणूस म्हणाला, आणि काकी तरंगत घरी आली.

कार्यक्रम मेच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी लागला. नलिनीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकीला पुढे पाटावर बसवलं होतं. काकी पडद्यावर आली तसा सगळ्यांनी "आई गं!" केलं आणि मग चिडीचूप. वीस वर्षांत काकीचं बोलणं इतक्या शांततेत कुणी ऐकलं नव्हतं. पडद्यातली काकी हसली, फोडी दाखवल्या, आणि गोड आवाजात म्हणाली, "एक किलो फोडींना पन्नास ग्रॅम मीठ."

पाटावरची काकी दचकली. "अगो नाही! दोनशे पन्नास! दोनशे राहिलं ते!"

"शू!" नलिनीने मागून तिचा खांदा दाबला. "गप्प बसा हो काकी. काकी काय सांगतायत ते ऐकू द्या."

दहाबारा जणी वहीत लिहीत होत्या. पन्नास ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी काकी दारोदार फिरली. द्रौपदीकडे फोडी कापून तयार होत्या, शेजारी वाण्याकडून मोजून आणलेली मिठाची पुडी. "द्रौपदी, ऐक माझं. एवढ्याने नासेल. जीभ अडखळली माझी."

"टीव्हीवर चुकीचं कसं सांगतील, काकी?"

"कोण सांगतील? मीच सांगितलं ना!"

"तेव्हा तुम्ही विचार करून बोललात," द्रौपदी समजुतीने म्हणाली. "आता आपलं जाता जाता बोलताय." आणि तिने पुडी फोडींवर रिकामी केली.

प्रत्येक दारात तेच. नलिनीने तर वही आणून दाखवली, "हे बघा, तुमचेच शब्द." काकीला तिथे रडू यायचंच काय ते राहिलं. लोणचं नासणार याचं दुःख होतंच, पण आतून जळत होतं ते वेगळंच. त्या पेटीतल्या बाईचा तिला हेवा वाटत होता. वीतभर उंचीची, करड्या रंगाची, चार मिनिटांचं आयुष्य असलेली ती शेवंती, आणि सगळी चाळ तिचं ऐकते! रेशमी साडीवाल्या बाईंचा राग परवडला, त्या निदान परक्या होत्या.

रात्री जेवताना जयवंत म्हणाला, "टीव्हीर बरां बोललंस गो. घरात असां हळू बोलूक काय होता तुका?"

काकीने त्याच्या ताटात आमटी वाढली ती थोडी मनगटावरही सांडली. "तिलाच घेऊन या मग घरी," ती म्हणाली. "तीच वाढेल."

पुढे चार दिवसांनी तिने आणखी एक उद्योग केला. मोरपंखी साडी नेसली, त्या दिवशीसारखा अंबाडा घातला, गालांवर पावडर लावली आणि नळावर जाऊन हळू, गोड आवाजात सांगितलं, "बायांनो, दोनशे पन्नास ग्रॅम." बायका हसल्या. "काकींना टीव्ही चढला," कुणीतरी म्हणालं. ती हंडा तसाच अर्धा घेऊन परतली, आणि साडी पुन्हा ट्रंकेत गेली.

जूनच्या अखेरीस बरण्या उघडल्या. पहिली द्रौपदीची. वर पांढरी साय, खाली मऊ पडलेल्या फोडी, आणि वास असा की तिचा नवरा उठून बाहेर गेला. मग एकेक करत साऱ्या चाळीत तेच. काकी दारात उभी राहून वाट बघत होती, आता कुणी तरी येईल, म्हणेल, काकी, तुमचं खरं होतं. कुणी म्हणालं आंबे वाईट होते. कुणी म्हणालं यंदा हवाच कुंद. राजारामने नळाच्या पाण्यावर ठपका ठेवला. टीव्हीचं नाव कुणीच घेतलं नाही.

नलिनीने मात्र कार्यक्रमाला पत्र लिहिलं. महिन्याने, प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देताना, त्या रेशमी साडीवाल्या बाईंनीच ते वाचलं आणि सायीसारख्या आवाजात सांगितलं, "लोणच्यात मीठ पुरेसं असावं. किलोला निदान दोनशे ग्रॅम तरी घालावं."

नलिनी धावतच काकीच्या दारात आली. "ऐकलंत ना काकी? मीठ कमी पडलं म्हणे! पुढच्या खेपेला लक्षात ठेवा हं."

काकीने हातातलं सूप खाली ठेवलं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण नलिनीच्या चेहऱ्यावर इतकी खरीखुरी माया होती, की तिने नुसतं "बरं" म्हटलं.

श्रावणाच्या तोंडावर पलीकडच्या गावठाणातली सेराफिना एक वाटी घेऊन आली. सेराफिना भाजी विकायची, तिच्याकडे टीव्ही नव्हता, आणि मेमध्ये ती परात घेऊन काकीकडे येऊन मुठीने मीठ घालून घेऊन गेली होती. वाटीत लोणचं होतं. लाल, कुरकुरीत, तेल वर तरंगणारं. काकीने फोड दाताखाली धरली, डोळे मिटले.

"चांगलं झालंय गं," ती म्हणाली.

"तुमच्या हाताचं आहे ना काकी. बिघडेल कसं?"

तीन महिने ज्या वाक्यासाठी काकी झुरली होती ते हे वाक्य. तिने आणखी एक फोड तोंडात टाकली. मग पदराने तोंड पुसत, उगाच बाहेर बघत तिने विचारलं, "सेराफिना, तू मला टीव्हीवर बघितलंस की नाही?"

"नाही हो काकी. मी बाजारात होते."

काकीचा चेहरा उतरला. "बघायला हवं होतंस," ती म्हणाली. "छान दिसत होते गं मी."