स्पीकरवर वाजवलेला आईचा आवाज

सरांनी इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपवरचं माझं रेकॉर्डिंग वर्गातल्या स्पीकरवर लावलं.

आधी ॲपमधल्या बाईचा आवाज आला. "हाऊ आर यू टुडे?" मग माझा, घाबरलेला. "आय ॲम फाइन." आणि त्यामागून, चुलीजवळून, माझी आई.

"कोण गो ती? जेवलीस का बाय?"

वर्गात हसू फुटलं.

"मम्मीने ॲप को खाना पूछा, भाई!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. "परत ऐकायचं?" त्यांनी विचारलं. परत लावलं. माझ्या आईचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकवला. तिला न विचारता.

उल्हासनगरचं कॉलेज. मी शेवटच्या वर्षाला. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीची, घरातली कॉलेजात गेलेली पहिली. आमच्या वाडीत फोनवर कोणीही असो, आधी जेवण विचारतात. बँकेतून बाई बोलली तरी विचारतात. आईला वाटलं, माझी मैत्रीण बोलतेय. मैत्रीण पोरीची विचारपूस करते, मग आपण गप्प कसं बसायचं? मशीन बोलतंय हे तिला कळायचं कारणच नव्हतं.

मी कृतघ्न नाही. त्या ॲपने मला दिलंही. शाळेत गुरुजींनी जीव तोडून इंग्रजी शिकवलं, पण बोललेल्या इंग्रजीचा आवाज कधी कानावर पडला नव्हता. ॲपमध्ये तो पडला. एक शब्द हवा तितक्या वेळा ऐकता आला. चुकले तरी कोणी हसलं नाही. एवढं माझं त्या ॲपमधल्या बाईशी जमत होतं.

पण ती फक्त तिला हवं तेच ऐकायची. विमानतळावर सामान कुठे मिळेल, कॉफीत साखर किती, हे मला पाठ झालं. माझ्या वाडीत पाणी कधी येतं, हे सांगायला तिने एक वाक्य दिलं नाही. का चुकलं ते सांगायची नाही, नुसती स्क्रीन लाल करायची. आवणीच्या दिवसांत मी शेतात होते, तेव्हा रोजच्या धड्यांची साखळी तुटली. लगेच स्कोअर खाली. चिखलात उभं राहून भात लावणं तिच्या लेखी आळस.

तेही सोसलं असतं. पण कॉलेजने त्या स्कोअरला दारावर उभं केलं. अंबरनाथच्या एका कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला येणार होती. ठरलेल्या रेषेच्या वर स्कोअर असेल तोच आत. मला ती नोकरी हवी होती. नाहीतर मामा लग्नाचं स्थळ घेऊन बसलेच होते.

हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, "हे बघ, तुमच्या घरातलं वातावरणच इंग्लिशला पोषक नाही. पण मी चांगला माणूस आहे. एक चान्स देतो. परत रेकॉर्ड कर. आईला लांब ठेव."

आईला लांब ठेव.

ती ज्या चुलीपाशी बसते, तिथेच मी अभ्यास केला. तिने मोळ्या विकल्या म्हणून मी त्या बाकावर होते. आणि त्या अख्ख्या धड्यात खरं बोलणारी ती एकटीच होती. बाकीचं सगळं मशीनने मशीनसाठी चालवलेलं. मीसुद्धा त्यातच.

मी उभी राहिले. इंग्रजीतच बोलले. "यू प्लेड माय मदर. डिलीट इट."

सर हसले. "या वाक्याला ॲप किती मार्क देईल रे?"

पुन्हा हशा. मी बसले नाही. मराठीत म्हटलं, "मार्क तुम्ही ठेवा. आईचा आवाज पुसा. पुसल्याशिवाय मी हलणार नाही."

"बैठ जा ना यार," शेजारची मुलगी कुजबुजली. "नंबर कटेल तुझा."

मी उभीच. तास संपल्याची घंटा झाली. पुढच्या तासाच्या मॅडम दारात आल्या, आत बघू लागल्या. तेव्हा सरांनी फोन हातात घेतला आणि माझ्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं. "झालं समाधान?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलाखतीला येऊ नकोस."

नंबर कटला. कंपनीची माणसं आली, गेली. मुलं महिनाभर मला "ए जेवलीस का" म्हणून हाक मारत होती. घरी मी फक्त नोकरी नाही मिळाली एवढंच सांगितलं.

आज मी बदलापूरला, खरवईकडच्या एका खाजगी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात वांगणीच्या चाळींतली मुलं आहेत, डोंगरातल्या वाड्यांवरची आहेत. यंदा तिथेही ॲप आलं. मी ते वापरते. मुलं आवाज ऐकतात, शब्द घोकतात, चुकतात, परत म्हणतात. तेवढ्यासाठी ते चांगलं आहे. त्यानंतर मी फोन कपाटात ठेवते आणि मुलं एकमेकांशी बोलतात. आपल्या घराबद्दल, मोडक्या इंग्रजीत.

मुख्याध्यापकांचा आदेश आहे: प्रत्येक मुलाचा स्कोअर आणि रेकॉर्डिंग रोज पालकांच्या ग्रुपवर टाका, स्पर्धा लागू दे. मी एकही टाकलेलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "टीचर, तुमची नोकरी अजून पक्की नाही, लक्षात आहे ना?"

लक्षात आहे. सोमवारी उत्तर द्यायचंय. त्यांना तोंडी सांगेन, लेखी मागितलं तर लेखी देईन. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाचा आवाज चारचौघांत हसायला मी देणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या.