फादरांकडची चिनी पाटी

स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी फादर दारावर टकटक करायचे. बोरिवलीत निवृत्त धर्मगुरूंसाठी एक जुना बंगला आहे, त्याच्या तळमजल्यावर ते एकटे राहत. तरी कुलूप काढायचं, टकटक करायची, क्षणभर थांबायचं, मगच आत पाऊल टाकायचं. पहिल्यांदा मी हसले. ते हसले नाहीत. "न विचारता एकदा घेऊन आलो, बाय," म्हणाले. "तेव्हापासून विचारून आत जातो."

मी अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. चीनमध्ये गेलेल्या युरोपीय मिशनऱ्यांनी तिथल्या धर्माबद्दल, समाजाबद्दल जे लिहून ठेवलं, त्यावर मी काम करत होते. चिनी अक्षरांपाशी अडले, तेव्हा कोणीतरी या फादरांचं नाव सुचवलं. मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. शर्टाच्या खिशात सदैव पेन्सिल. पुस्तकात 'चिनी माणूस असं मानतो' असं वाक्य आलं की समासात लिहायचे, 'कुठला माणूस? भेटलात का?' मोठमोठ्या विद्वानांनाही त्यांनी यातून सोडलं नव्हतं.

टेबलावर एक वीतभर उंचीची, काळपट लाकडी पाटी उभी असे. वरून खाली कोरलेली चिनी अक्षरं, समोर कपभर कोरा चहा. आमच्या देवघरात पितरांचे टाक आहेत, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही.

"कुणाचे पूर्वज, फादर?"

"माझे नाहीत. तीच तर गोष्ट आहे."

तरुणपणी ते कुर्ल्याच्या एका चर्चमध्ये होते. तिथल्या एका चिनी दाताच्या डॉक्टरला बाप्तिस्मा घ्यायचा होता. त्याची म्हातारी आई घरातच होती आणि ही पाटी तिच्या गेलेल्या नवऱ्याची. रोज सकाळी ती पाटीसमोर चहा ठेवी आणि घरात काय चाललंय ते नवऱ्याला सांगत बसे. फादरांनी डॉक्टरला बजावलं, मूर्तिपूजा आणि बाप्तिस्मा एका घरात नांदणार नाहीत. डॉक्टरनं पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

"म्हातारी एक शब्द बोलली नाही," फादर म्हणाले. "माझ्यामागे जिन्यापर्यंत आली, अनवाणी. बस्स."

पाटी जाळायची होती. काडी पेटवताना त्यांना वाटलं, निदान नाव तरी वाचावं. नाव वाचायला म्हणून ते चिनी शिकले, आणि शिकता शिकता मिशनऱ्यांच्या त्या जुन्या भांडणापाशी पोचले. पूर्वजांच्या पाटीपुढे वाकणं ही पूजा की वडीलधाऱ्यांचा मान, यावर चीनमधले मिशनरी आपसांत कडाकडा भांडले होते. रोमनं बंदी घातली. दोनशे वर्षांनी उठवली.

"माझ्या जन्माआधीच उठली होती गं ती बंदी! मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कळलं तसा धावत गेलो. घराला कुलूप. म्हातारी वारली होती, मुलगा बायकोपोरांना घेऊन कोलकात्याला गेला होता."

"मग?"

"मग ती यायला लागली. तिन्हीसांजेला. टेबलापाशी बसते. माझ्याकडे बघत नाही."

पोस्टमन येऊन गेल्याचं सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. पण एकदा संध्याकाळी आम्ही वाचत बसलो असताना ते वाक्य अर्धवट टाकून उठले आणि वाट द्यावी तशी त्यांनी आपली खुर्ची मागे ओढली. त्या दिवशी मी दिवे लागायचीही वाट न बघता निघाले.

गेल्या वर्षी डॉक्टर कोलकात्यात वारले. त्यांची मुलगी, आता पन्नाशीपुढची, आजीच्या थडग्यावर फुलं वाहायला मुंबईत आली आणि कुर्ल्याच्या चर्चमध्ये चौकशी करत फादरांपर्यंत पोचली. फादरांनी मला फोन केला, "बाय, येशील का? मला एकट्याला जमायचं नाही."

तिला चिनी वाचता येत नव्हतं. फादरांनी प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून तिच्या आजोबांचं नाव तिला वाचून दाखवलं. तिनंही ते हळूच उच्चारून पाहिलं. मग हिंदीत म्हणाली, "मी लहान होते. आजी जाईपर्यंत एकच विचारायची, त्यांना तिथे कोणी चहा देतं का?"

"सुरुवातीला नाही दिला," फादर म्हणाले. "त्यांना फडताळात कोंबून ठेवलं होतं. नंतर मात्र रोज."

तिनं मान हलवली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही नाही. पाटी ओढणीत गुंडाळून छातीशी धरली आणि रिक्षा थांबवली.

त्यानंतर फादरांचं वाचन थांबलं. मी जायची तेव्हा भिंतीकडे बघत बसलेले असत. वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, "ती येत नाही आता."

"मग बरंच झालं ना, फादर? सुटलात."

त्यांनी टेबलावरच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला.

"रोज माफी मागायचो गं तिची," ते म्हणाले. "आता कुणाकडे मागू?"