डिंकाच्या लाडवांतलं पिस्तूल

परवा नातीने जेवताना मला विचारलं, "आजी, वेअर यू अ क्रिमिनल?" तिच्या आईने काहीतरी पचकलेलं दिसतंय. मी म्हटलं, क्रिमिनल नव्हते गं, व्यापारी होते, आणि तुझ्यामुळे पकडले गेले. ती तेव्हा पाळण्यात होती, त्यामुळे तिला काही बोलता येईना.

याला दहाएक वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडलेली, केस काळे कुळकुळीत रंगवलेले आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा. ती बाई आता समोरून आली तर मी रस्ता बदलीन.

आम्ही तेव्हाही अबू धाबीतच होतो. मंडळाच्या गणपतीत एका रहस्यनाटकात मी खुनी झाले होते. त्यासाठी यांनी मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या आपल्या वर्कशॉपमधल्या फिटरकडून पिस्तूल करून घेतलं होतं. पाइपचा तुकडा, लाकडी मूठ, वरून काळा स्प्रे. त्यातून काही उडत नव्हतं, पण दिसायला असं की पहिल्या रांगेतलं एक पोर भोकाड पसरून आईच्या पदरात शिरलं होतं. नाटकानंतर ते माझ्या साड्यांच्या खाली पडून होतं.

मग रास अल खैमाच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा नवरा तिथल्या टाइल्सच्या कारखान्यात. त्यांच्या छोट्याशा मंडळाने तेच नाटक घेतलं होतं आणि माझी भूमिका तिला मिळाली होती. आयुष्यातली पहिली. तोवर मंडळात तिच्याकडे फक्त प्रसादाचा शिरा असायचा. शेवटच्या प्रवेशात ती दिरावर पिस्तूल रोखते, तेवढ्यावर तिचं सगळं नाटक उभं. प्रयोग शुक्रवारी, आणि त्यांच्याकडे होतं ते पिवळं प्लॅस्टिकचं, पाण्याचं. तालमीत लोक हसत होते म्हणे. पिस्तूल नीट नसेल तर भूमिका दुसरीला देऊ, असंही कुणीतरी म्हणालं होतं. ती रडवेली झाली होती. म्हणाली, तुझं मला विकत दे. मी म्हटलं, दिलं.

आता पोचवायचं कसं? मुलगी नुकती बाळंत झालेली, मला घर सोडता येईना. यांना सुट्टी नाही. म्हणून मी कुरिअरने पाठवायचं ठरवलं, जसा चिवडा पाठवतात तसं. देश एकच, इथून तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, मग पिस्तुलाला कशाला काय लागेल, असा माझा कायद्याचा अभ्यास.

खोक्यात ते खडखडायला लागलं. घरात बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा होता. मी पिस्तूल मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी लाडू ठासून बसवले. तिचं तोंडही गोड होईल. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूष झाले की डब्याला वरून सुतळीचं फूल बांधलं.

काउंटरवर केरळचे एक गृहस्थ होते. त्यांनी आत काय ते विचारलं, मी ऐटीत "स्वीट्स" म्हटलं. त्यांनी डबा मशीनमधून सारला आणि जागचे उठले. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. मधे लख्ख पिस्तूल आणि भोवती दाटीवाटीने गोल गोल गोळे. खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की पॅकिंग काय सुरेख झालंय.

त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, लाडू. आणि हे? ते पिस्तूल. लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी तशा सुरात.

पोलीस ठाण्यात माझ्या जावयाच्या वयाचा अधिकारी होता. त्याने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, पाइपमधून खिडकीबाहेर पाहिलं आणि हसू दाबलं. एवढ्यात हे मुसफ्फाहून धापा टाकत आले. अधिकाऱ्याने विचारलं, कुणाला देत होतीस? मी म्हटलं, देत नव्हते, विकलंय. यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी म्हटलं, अहो, खरं ते सांगायला नको?

अधिकारी ताठ बसला. मग लहान मुलाला समजवावं तसं हिंदीत त्याने समजावलं. परवान्याशिवाय हत्यार विकायचं नाही, घ्यायचं नाही, आणि पार्सलने तर नाहीच. हत्यार खोटं असलं तरी कुरिअरवाल्याला ते खरंच वाटणार. "मामा," तो म्हणाला, म्हणजे त्यांच्याकडे आई, "असली हो या नकली, मिठाई के डब्बे में नहीं जाता. खलास."

पिस्तूल ठाण्यातच राहणार होतं. मला मात्र सोडत होते. हे उठलेसुद्धा. मी बसूनच राहिले. म्हटलं, साहेब, ते ठीक, पण ती बिचारी शुक्रवारी दिराला मारणार कशाने?

यांनी डोळे मिटले. अधिकाऱ्याने मात्र विचारलं, दिराने काय केलंय? मी त्याला पूर्ण कथा सांगितली, इस्टेटीसकट. शेजारच्या टेबलावरचा पोलीसही खुर्ची ओढून आला. अधिकाऱ्याने दाढी खाजवत विचार केला आणि म्हणाला, "चाय में ज़हर दे दो."

मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, कप घरातला चालेल का?

शुक्रवारी तिच्या नवऱ्याने विंगेत फोन चालू ठेवला. इकडे मी, मुलगी आणि पाळण्यात ही. शेवटचा प्रवेश आला. दीर बडबडत होता, चमचा कपात फिरत होता. आणि ती बाई, जिने आजवर स्टेजवर तोंड उघडलं नव्हतं, अगदी मायेने म्हणाली, "भाऊजी, साखर एक की दोन?"

मग हॉल हशाने असा फुटला की हिने पाळण्यात हात वर फेकले आणि मुलगी पोट धरून म्हणाली, आई, बंद कर तो फोन, माझे टाके दुखतायत. मी कसला बंद करते. तिकडे दीर दोन म्हणाला होता.