टेकडीवरचं घर दाखवताना

शेजारच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून ते दाखवायचं कामही माझ्याकडे आलं. घर एका मारवाडी कुटुंबाचं. तीन पिढ्या जालन्यात कापडाचं दुकान. मुलगा पुण्यात स्थिरावला आणि आईवडिलांना घेऊन गेला. निघताना त्याची आई, आमच्या भाभी, म्हणाल्या, "ताई, कोणी बघायला आलं तर चारनंतर बोलवा. दुपारी नको."

का नको, ते दोघींनाही ठाऊक होतं. टेकडीच्या मागे दगडाची खदान आहे. रोज बाराच्या सुमारास तिथे सुरुंग उडवतात. आधी भोंगा वाजतो, मग खिडक्या थरथरतात.

महिनाभराने एक शिक्षिका आली. राजूरकडची, चाळिशीची. बदली होऊन आली होती आणि आईला घेऊन मोंढ्याजवळ, धान्यबाजाराच्या गर्दीत, भाड्याने राहत होती.

मी तिला आधी गच्चीवर नेलं. एका बाजूला शहर आणि स्टीलच्या कारखान्यांचा धूर, दुसऱ्या बाजूला मोसंबीच्या बागा. देवीच्या देवळाकडची पायवाट दाखवली. रिक्षा चढावर येत नाही, खाली उतरावं लागतं, तेही सांगितलं. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, हे तर मी स्वतःहून सांगितलं. ते सांगताना आपण किती खरं बोलतोय, असं मला वाटत होतं.

"काकू, इथं शांत हाये ना?" तिने विचारलं. "आईच्या हार्टचं ऑपरेशन झालंय. मोंढ्यात दिवसभर ट्रका. सारखी दचकून राह्यली."

"संध्याकाळी तर इथे पान हललेलंसुद्धा ऐकू येतं," मी म्हणाले.

माझ्या नवऱ्याच्या आजारपणात भाभी बारा दिवस माझ्यासोबत दवाखान्यात बसल्या होत्या. त्यांचं घर विकलं जावं, असं मला वाटत होतं. पण खरं कारण दुसरंच होतं. आमच्या गल्लीतली तीन घरं आधीच बंद होती. शेजारी कुणीतरी असावं, दिवा दिसावा, एवढंच मला हवं होतं.

शिक्षिकेने घर घेतलं, मायलेकी राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट माझ्या दारात आली. तोंडाला बांधलेला स्कार्फही सोडला नव्हता.

"काकू, तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो."

"मंग बोलल्या का न्हाई? मी सरळ विचारलं होतं."

नवरा पेपर ठेवून आत निघून गेला. "मला शेजार हवा होता," मी म्हणाले. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी कधी बोलले नव्हते.

तिने स्कार्फची गाठ पुन्हा आवळली. "आई दुपारी एकटी असती," एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी त्यांच्याकडे गेले. म्हातारीने दार उघडलं आणि काही न विचारता खुर्ची पुढे केली. भोंगा झाला तसा तिने माझा हात धरला. नखं रुतली. तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. आम्ही भाज्या निवडायचो, ती गावाकडच्या गोष्टी सांगायची.

एकदा ती म्हणाली, "लेक तुमच्यावर लई रागावली हाये."

"माहीत आहे."

"मला बी राग आल्ता. पन तुम्ही येत जा."

लेक मात्र माझ्याशी बोलत नव्हती. फाटकापाशी भेट झाली तर मान खाली घालून स्कूटी काढायची.

मागच्या महिन्यात मागच्या खोलीत एक कॅलेंडर नव्यानेच टांगलेलं दिसलं. खिडकीच्या खाली, विचित्र जागी. मी ते उचललं, तर मागे भिंतीला बोट जाईल एवढा तडा.

"तिला सांगू नका," म्हातारी म्हणाली. "कर्ज काढून घेतलंय तिनं. झोप लागायची न्हाई तिला."

मी हो म्हणाले. घरी आले आणि जेवता आलं नाही. संध्याकाळी लेक शाळेतून आली तेव्हा फाटकाशी जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि आत गेली. त्या आठवड्यात ती तहसीलमध्ये अर्ज देऊन आली, असं नंतर नवऱ्याकडून कळलं. सुरुंग अजून चालूच आहेत.

मी लेकीला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीने दार उघडलं, खुर्चीही दिली. भाजी मात्र तिने एकटीनेच निवडली. भोंगा वाजला तेव्हा तिने पलंगाची कड धरली, आणि मी माझे हात मांडीवर ठेवून बसून राहिले.