सातव्या महिन्यातली शिडी

"चालून दाखव," मुकादम म्हणाला.

मी चालून दाखवलं. तेलगावकडचा ऊसतोडीचा फड होता. ट्रक उसात उभा, मोळ्या वर न्यायला त्याला शिडी टेकवलेली, मी तिच्यापाशी थबकले होते, आणि सगळी टोळी हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत होती. मला सातवा महिना. पाय लांब टाकला की ओटीपोटाच्या खालचं पुढचं हाड चिरल्यासारखं व्हायचं, म्हणून मी पायाला पाय लावून चालत होते. बदकासारखी चालते, असं कुणीतरी म्हणालं. बायकाही हसल्या. त्यातल्या दोघींना हेच दुखणं होऊन गेलं होतं, तरी हसल्या.

मुकादमानं मला काहीच विचारलं नाही. माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाला, "खरंच दुखतंय का रं हिचं?"

आमच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा, बोलायचं तेही नवऱ्यानंच. लग्न झाल्यापासून मी त्या कोयत्यातली अर्धी होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. उलट त्या क्षणी मला धीर आला. बरं झालं यालाच विचारलं, म्हटलं. कारण माझं दुखणं कुणाला ठाऊक असेल तर यालाच.

रोज पहाटे पाचटाच्या कोपीत मला उठवायचं काम त्याचं होतं. कुशीवर वळताना माझ्या तोंडून आवाज निघायचा आणि तो लगेच उठून बसायचा. दोन्ही हात धरून मला उभी करायचा. एका पायावर उभं राहता यायचं नाही, म्हणून परकरसुद्धा मी बसून घालत होते, आणि तो बाहेर कुणी येत नाही ना, ते बघत दारात थांबायचा. जुनं लुगडं फाडून त्याची पट्टी त्यानंच केली होती. पोटाच्या खाली, खुब्यांवरून ती घट्ट आवळून बांधली की थोडं बरं वाटायचं. गाठ तोच मारायचा. त्या दिवशीही त्यानंच मारली होती.

त्यानं मुकादमाकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

"न्हाई वो," तो म्हणाला. "नखरं हायेत. पयलटकरीन हाय नव्हं."

पुन्हा हसणं झालं. आता तोही हसला. हाडाचं दुखणं मी विसरले, एवढं ते हसणं लागलं.

मुकादमाला सगळं माहीत होतं, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात मी गावात त्याच्या घरी शेणकूर करायला जात होते. त्याची सून तेव्हा गरोदर होती आणि तिला नेमकं हेच झालं होतं. डॉक्टरनं जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं, तर यानं तिची खोली माडीवरून खाली आणली. तिच्या कमरेला विकतचा पट्टा होता, मऊ, पांढरा. तिला पाय ठेवायला पाट मीच सरकवून देत होते आणि तिच्या गुडघ्यांच्या मध्ये उशी मीच ठेवत होते. सासरा दारातून विचारायचा, पोरीला बरं हाय का. तोच माणूस आता शिडीकडं बोट दाखवत होता.

मोळी डोक्यावर घेतली. चढायला लागले. पहिली पायरी झाली. दुसरीवर एक पाय उचलला, सगळा भार दुसऱ्यावर आला आणि आत खटकन वाजलं. ऐकू येण्यासारखं. खालून नवरा म्हणाला, "चढ की."

मी मोळी टाकून दिली. त्याच्या पायाशीच पडली, तो मागं सरला. दोन्ही हातांनी शिडी धरून, एक एक करत मी खाली उतरले आणि त्याच मोळीवर बसले. मुकादमासमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"तुमच्या सुनेला जिना न्हाई," मी म्हणाले, "मग मला शिडी कावून?"

कुणी हसलं नाही. मुकादम माझ्या नवऱ्याकडंच वळून म्हणाला, बायकोला आवर.

दुसऱ्या दिवशी मी जीपनं एकटीच दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईनं हाडावर बोट ठेवलं आणि मी न सांगताच म्हणाली, चढताना जास्त दुखतं ना. बाळाला जागा करायला सांधे सैल पडतात, काहीजणींना फार त्रास होतो, यात तुझं काही चुकलेलं नाही, असं तिनं समजावलं. ओझं बंद, चढणं बंद. उठताना गुडघे जुळवून कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून हातावर जोर द्यायचा. तिनं ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. मी रडले. दुखत होतं म्हणून नाही, कुणीतरी खरं मानलं म्हणून.

नवरा संध्याकाळी गरम मिठाची पुरचुंडी घेऊन आला. मुकादमापुढं काय बोलणार होतो, म्हणाला, टोळीतून काढलं असतं तर? असेल तसं. पण ते हसणं मुकादमानं मागितलं नव्हतं. ते त्यानं आपणहून दिलं. दुसऱ्या पहाटे त्यानं हात पुढं केले तेव्हा मी ते धरले नाहीत. गुडघे जुळवले, वळले, उठले. पट्टीची गाठ बाजूला घेऊन माझी मीच मारली.

पोरगी झाली. ती रांगायला लागली तरी माझं हाड अधूनमधून धरतंच.

यंदा दसऱ्याच्या आधी तोडीचं ठरवायला मुकादम गावात आमच्या ओट्यावर येऊन बसला. कोयता येणार ना, त्यानं नवऱ्याला विचारलं. येतो की, नवरा म्हणाला. मी पोरीला कडेवर घेऊन दारात आले.

"आर्दा घेऊन जा," मी म्हणाले. "मी येत न्हाई."

मुकादमानं सवयीनं नवऱ्याकडं बघितलं.

"तिकडं बघू नका. मला इचारा."

मग खायचं काय, नवरा आत येऊन ओरडला. गावात कापूस वेचीन, निंदायला जाईन, आणि दुखलं की खाली बसेन, मी सांगितलं. त्याला जायचं तर जाऊ दे. माझ्या अंगात काय दुखतंय याचं उत्तर इथून पुढं तो देणार नाही. पोरीच्या अंगाचंही नाही.