किशोरीचं नाक

धामापुरात किशोरीला लोक तिच्या नाकावरून ओळखतात. दिसायला ते साधंच आहे, पण त्याच्या पसंतीशिवाय तिच्या घरात काही शिजत नाही. दूध आलं की हुंगायचं, अंडं पाण्यात सोडून बघायचं, शेजारून आलेली भाजी आधी स्वतः चाखायची. सवय माहेरची. ती दहा वर्षांची असताना आरोंद्याला खाडीतली कालवं खाऊन अख्खं घर आडवं झालं होतं. सगळे बरे झाले, पण किशोरीचा अन्नावरचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढे सावंतवाडीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि संशयाला शास्त्राची जोड मिळाली.

सगळ्यात मोठा संशय पद्मावतीवर. पद्मावती मालवणची, साठीच्या पुढची. सकाळच्या एसटीने मासळीची पाटी घेऊन यायची. किशोरी एकेका बांगड्याचा कल्ला उघडायची, डोळा दाबायची, वास घ्यायची, आणि मगच मासा बाजूला ठेवायची. पाटीशी उकिडवी बसलेली पद्मावती म्हणायची, "जावय पसंत करतंस काय गो?" किशोरी हसायची नाही.

एप्रिलातल्या एका गुरुवारी किशोरीच्या पाच वर्षांच्या मुलीच्या, सलोनीच्या, पोटात कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत जुलाब, संध्याकाळी त्यात रक्त. ताप जवळजवळ नव्हताच. आदल्या दिवशी जेवणात पद्मावतीचे बांगडे होते आणि किशोरीला आणखी पुरावा नको होता. तेच बांगडे आपण दोघांनीही खाल्ले, मग आपल्याला कसं काही झालं नाही, असं तिच्या नवऱ्याने, गुरुप्रसादने, विचारून पाहिलं. मुलांची पोटं नाजूक असतात, एवढं बोलून तिने तो विषय संपवला आणि वाडीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं: पद्मावतीकडून काही घेऊ नका, आमच्या सलोनीला रक्ताचे जुलाब होतायत. शुक्रवारी पद्मावतीची पाटी वाडीत कुणी उतरवून घेतली नाही.

त्याच सकाळी सलोनीला कुडाळला मुलांच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर अनुजा तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी सलाइन लावलं, रक्त-लघवी तपासली, शौचाचा नमुना गोव्याला पाठवला. पण जंतू मारायचं औषध दिलं नाही, जुलाब थांबवायची गोळीही नाही. किशोरीचा संशय मासळीवरून उठून डॉक्टरांवर जाऊन बसला. पोरीचं रक्त जातंय आणि ही बाई नुसतं पाणी चढवतेय. अनुभव नसेल, नाहीतर आजार ओळखताच आलेला नसेल. वाडीत कुणाला तरी एकदा ज्या गोळ्यांनी गुण आला होता, त्यांची पट्टी तिने गुरुप्रसादकडून मेडिकलमधून मागवली. ती तिच्या पर्समध्ये होती. डॉक्टर संध्याकाळी बघून गेल्या की अर्धी गोळी मधात कुस्करून द्यायची, असं तिचं ठरलं होतं.

दुपारी डॉक्टर वही घेऊन खाटेजवळ बसल्या. मुलीने काय काय खाल्लं, ते त्यांना हवं होतं. किशोरीने बुधवारचे बांगडे सांगितले. त्यांनी ते लिहूनच घेतलं नाही. रविवारपासून सांगा म्हणाल्या, मला ज्या जंतूचा संशय आहे त्याला तीन-चार दिवस लागतात. ही मालवणची तर नाही ना, पद्मावतीच्या नात्यातली, असंही किशोरीच्या मनात येऊन गेलं. कच्चं काही दिलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. आमच्याकडे कच्चं काही खात नाहीत, किशोरीने ठामपणे सांगितलं.

सलोनी उशीवरून हळूच म्हणाली, "आयेन रस दिल्यान. बोंडवांचो."

बोंडू म्हणजे काजूचं फळ. रविवारी गुरुप्रसाद बागेतून टोपलीभर बोंडू घेऊन आला होता. बिया पिळून काढल्यावर उरलेल्यांतले चांगले लाल बघून किशोरीने रस काढला, मीठ घातलं आणि पेलाभर सलोनीला दिला. तिला स्वतःला तो घशाला धरतो, म्हणून तिने घेतला नाही.

"झाडावरून काढलेले होते की पडलेले?" डॉक्टरांनी विचारलं.

पडलेलेच. बी तयार झाली की बोंडू आपोआप पडतो, झाडावरून कुणी काढत नाही. आणि बागेत उन्हाळाभर गावची मोकाट गुरं फिरतात, त्यांनाही बोंडू आवडतात. हे सांगता सांगताच किशोरीचा आवाज बारीक झाला.

"धुतले होते?"

"एका पाण्यातून काढले होते. वास घेतला होता मी."

"याला वास नसतो," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा जंतू गुरांच्या पोटात निवांत राहतो, त्यांना काही करत नाही. शेणातून फळावर येतो. माणसाच्या आतड्यात तो विष सोडतो आणि ते रक्तातून मूत्रपिंडात जातं. तिथल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. विष त्या पेशींना चिकटतं, आत शिरतं आणि त्यांचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. पेशी मरतात, अस्तर उघडं पडतं, तिथे रक्त गोठतं, आणि त्यातून जाताना तांबड्या पेशी फाटतात. जंतूला औषधाने मारायला जावं तर मरताना तो आणखी विष सोडू शकतो. म्हणून औषध नाही. आठवडाभर लघवीवर लक्ष ठेवायचं.

किशोरीने कॉलेजात पेशींच्या आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या. प्रथिनं बंद म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि डॉक्टरांच्या वहीवर ठेवली.

सोमवारी गोव्याहून अहवाल आला. तेच विष होतं. तोवर जुलाब थांबले होते, पण सलोनीचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. मंगळवारी मापाच्या भांड्यात दिवसभरात जेमतेम तळ भिजला. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. बुधवारी दुपारपर्यंत वाट बघू, नाहीतर डायलिसिससाठी गोव्याला हलवू, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी रुग्णवाहिकेला सांगून ठेवलं. किशोरी दर तासाला रिकामं भांडं बघायची. कुणाचा संशय घ्यावा, असं आता कुणी उरलंच नव्हतं.

बुधवारी अकरा वाजता सलोनीने शू आली म्हणून सांगितलं. भांड्यात ऐंशी मिली झाली. दोन वाजता एकशेवीस. डॉक्टरांनी रुग्णवाहिकेला नको म्हणून कळवलं. किशोरीने भांडं स्वतः धुतलं, मग बाकावर बसून ग्रुपवर लिहिलं: चूक माझी होती. पद्मावतीच्या मासळीत काही नव्हतं. बोंडूंचा रस मी काढला होता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पद्मावती फाटकाशी आली. आत आली नाही, पाटी बाहेरच उतरवली.

"चेडवाक बरा आसा?"

बरं आहे, रक्त अजून कमी आहे, महिनाभर तपासण्या आहेत, किशोरीने सांगितलं. मग म्हणाली, मी चुकले.

"आधी माका इचारूचा होता," पद्मावती म्हणाली. त्यात राग कमी नव्हता. तिने पाटीवरचं प्लास्टिक बाजूला केलं. किशोरी न बघताच चार बांगडे उचलायला गेली, तेव्हा पद्मावतीने हात आडवा घातला. "हुंगून घे. तुझा नाक बंद पडला तर माझे बांगडे कोण बघतला?"

किशोरीने कल्ला उघडला. लाल होता. वास घेतला.

पाटी डोक्यावर घेताना पद्मावतीची नजर बागेकडे गेली. काजूखाली मोकाट गुरांतला एक पाडा खाली पडलेले बोंडू खात उभा होता.

"तेंचो घेतलंस मा वास?"

"घेतला होता," किशोरी म्हणाली.