विहिरीचं पाणी गुलाबी झालं तेव्हा

नर्सबाई आमच्या घरात राहायला आली ती मामंजींच्या शब्दाखातर. पौडच्या सरकारी दवाखान्याने तिला आमच्या माले गावाकडचा भाग नेमून दिला होता आणि गावात तिला कुणी खोली देईना. ती ख्रिस्ती होती. मामंजींनी आमच्या पडवीशेजारची खोली दिली आणि त्याच दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं.

"तिच्यावर ध्यान ठेव. काय खाती, कुनाशी बोलती, समदं मला कळाय पायजे."

स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी नवी सून. सासूबाईंनी सांगितलं नसतं तरी मी ध्यान ठेवलंच असतं, कारण माहेरी मी ऐकलं होतं की ही माणसं आधी गोड बोलतात, औषध देतात आणि मग हळूच बाटवतात. नर्सबाई नगरकडची, तिशीची. पांढरं पातळ, कपाळ मोकळं. तिच्या कळशीत पाणी मीच वरून ओतायची, कळशीला कळशी लागू न देता. ती काही म्हणायची नाही, आणि तेच मला संशयास्पद वाटायचं. एवढं सोसते त्या अर्थी हिच्या मनात काहीतरी आहे.

संध्याकाळी ती पडवीत भाकरी भाजायची. मी तांदूळ निवडायला तिच्या जवळपास बसायची. एकदा मीच विचारलं, "बाई, तुमचा देव कसा?"

"देव एकच आहे, असं आम्ही मानतो," ती म्हणाली. "त्याचा पुत्र माणूस होऊन जन्माला आला. तोच येशू ख्रिस्त."

"राजाच्या पोटी?"

"नाही हो. गोठ्यात. आईला दिवस भरलेले, परगावी कुठे जागा मिळेना. बाळाला गव्हाणीत निजवलं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बाळंतिनीला कुनी घरात घेतलं न्हाई? कसली मानसं म्हनायची!" मग त्या एकदम गप्प झाल्या. आपण ऐकतोय हे कळायला नको होतं.

त्यानंतर ती थोडं थोडं सांगत गेली. तो सुताराच्या घरी वाढला. मोठेपणी गावोगाव हिंडून शिकवू लागला, आजाऱ्यांना बरं करू लागला. महारोग्यांना हात लावायचा. ज्यांच्या पंगतीला कुणी बसत नसे त्यांच्यात जेवायचा. मोठ्या लोकांना ते खुपलं. शेवटी त्याच्याच एका माणसाने त्याला पकडून दिलं आणि त्याला क्रुसावर खिळे ठोकून मारलं. तिसऱ्या दिवशी तो उठला.

"मेलेला उठला म्हंजी भूतच की," सासूबाई आतून म्हणाल्या.

"त्याच्या शिष्यांनाही तसंच वाटलं. मग त्याने खायला मागितलं आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खाल्ला. एक शिष्य तर म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही."

"मंग? हाकललं का त्याला?"

"नाही. घालून बघ म्हणाला."

तो शिष्य मला मनापासून पटला. पण लगेच वाटलं, हे पटावं म्हणूनच ही सांगत असणार.

एके दिवशी तिने त्या शेवटच्या जेवणाची गोष्ट सांगितली. मरणाच्या आदल्या संध्याकाळी त्याने भाकर मोडून सगळ्यांना दिली आणि म्हणाला, हे माझं शरीर. द्राक्षारस दिला आणि म्हणाला, हे माझं रक्त. सगळ्यांची पापं धुवायला तो मेला असं आम्ही मानतो, ती म्हणाली, आणि आजही त्याच्या आठवणीसाठी ती भाकर खातो, तो रस पितो.

आत सासूबाईंचं सूप थांबलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका सासूबाईंभोवती जमल्या होत्या, आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावात पसरलं की नर्सबाईचे लोक रक्त पितात.

श्रावण सरता सरता पटकीची साथ आली. वरच्या आळीतली एक लेकुरवाळी पाहता पाहता गेली. नर्सबाई घरोघर फिरायला लागली. मग एका सकाळी तिने दवाखान्याच्या शिपायाकडून विहिरीत जांभळी पूड टाकून घेतली. एका बाईने कळशी सोडली तर पाणी गुलाबी.

हातातला दोर टाकून त्या बाईने बोंब ठोकली. घटकेत सगळा गाव विहिरीवर.

"रगत हाय! त्यांच्या देवाचं रगत मिसळलंय पान्यात!"

"कोकनात फिरंग्यांनी हिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली. ही बी तेच करतीया."

नर्सबाई धावत आली. "औषध आहे ते. जंतू मरतात. ओढ्याचं पाणी पिऊ नका, रोग तिथूनच येतोय." तिने शिपायाला कळशी काढायला लावली आणि ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं.

"तिला काय व्हनार?" मागून कुणीतरी म्हणालं. "ती तर आदीच बाटल्याली."

आणि ते खरंच होतं. मलाही वाटलं, ह्याने काय सिद्ध होतं?

"पाणी पाजून कुणी ख्रिस्ती होत नाही," ती म्हणाली. "ज्याला व्हायचं त्याला स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत सांगावं लागतं की माझा विश्वास आहे. त्यानंतर बाप्तिस्मा. नुसत्या पाण्याने काही होत नाही."

सासूबाई पुढे झाल्या. "मंग तुज्या देवाची शपथ घे. ह्यात दुसरं कायबी न्हाई म्हनून."

नर्सबाई हळू म्हणाली, "शपथ नाही घेणार मी."

गर्दीत एकदम कालवा झाला. दोघेजण काठ्या सरसावून पुढे आले, मामंजींनी त्यांना आडवा हात घातला. सापडली, मला वाटलं.

"का न्हाई घेनार?"

"आमच्या प्रभूने सांगितलंय, शपथ वाहूच नका. होय तर होय म्हणा, नाही तर नाही. मी सांगते, ह्यात औषधच आहे. ह्याहून जास्त मला बोलता येणार नाही."

सासूबाईंनी तिला खालवर न्याहाळलं. मग वळून गावाला म्हणाल्या, "हिला खोटंच बोलायचं असतं तर शपथ घ्यायला काय जात हुतं? पटकन घेतली असती. चावडीवर शपथा घेनारे लई बगितलेत मी." आणि मला म्हणाल्या, "काढ गं कळशी."

मी कळशी काढली. त्या प्यायल्या, तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाल्या, "कडू हाय. औशिदच हाय." मग मीही प्यायले. भीती वाटत होती, पण सासूबाईंच्या देखत न पिऊन सांगते कुणाला.

निम्म्या गावाने पाणी भरलं. उरलेल्यांनी ओढ्यावरून आणलं, आणि त्यातल्या एका घरचा म्हातारा दगावला. तेव्हा बाकीचेही मुकाट्याने विहिरीवर आले. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात बराच वेळ बसून आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "कायबी बदललं न्हाई. मी व्हती तशीच हाय."

साथ ओसरल्यावर मी नर्सबाईला सरळ विचारलं, "खरं सांगा. आम्ही तुमच्या धर्मात यावं असं तुमच्या मनात आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "रोज प्रार्थना करते तशी. पण फसवून आणलेलं माणूस घेऊन मी देवापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?"

मला राग आला. इतके दिवस जो संशय होता तो खराच निघाला होता, आणि तरी तिच्यावर ओरडावं असं काही सापडत नव्हतं. काही दिवस मी तिच्याशी बोललेच नाही. मग पुन्हा सूप घेऊन पडवीत जाऊन बसायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात तिची बदली झाली. मी ख्रिस्ती झाले नाही, होणारही नव्हते. तिच्या जागी आमच्यातलीच एक नर्स आली. तिने विहिरीत तीच पूड टाकली, पाणी तसंच गुलाबी झालं, आणि कुणी काही विचारलं नाही.